रुमालाखालचं रुमालाखाली

वर्गात गोष्ट वाचताना मी मध्येच थांबते. ऐन रंगात आलेली असताना पुस्तक मिटते, टेबलावर ठेवते आणि फळा पुसायला लागते. पोरं ओरडतात, बाकं बडवतात, आणि मधल्या सुट्टीत त्या पुस्तकावर झुंबड उडते. गेल्या आठवड्यात शाळेत नवीनच आलेल्या एका शिक्षिकेनं विचारलं, "मॅडम, हे कुठं शिकलात तुम्ही?" मी म्हटलं, "असंच, सवयीनं." खोटं बोलले. नाना सरांचं नाव घ्यायला हवं होतं. मुलांना वाचायला लावायच्या जेवढ्या म्हणून युक्त्या मला येतात त्या सगळ्या त्यांच्याच आहेत, आणि तरी त्यांचं नाव निघालं की माझ्या तोंडाची चव जाते.

माझी पहिली नेमणूक पारोळ्याजवळच्या एका खेड्यात झाली. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पुढं पटांगण, मागं खिचडी शिजवायची खोली. मी धुळ्याहून एसटीनं जाऊन-येऊन करायची. नाना सर गावातच राहायचे. पन्नाशीला आलेले, उंच, काटक, शर्ट नेहमी पँटीच्या बाहेर. खिशाला पेन नसायचं, खडूचे तुकडे असायचे. खांद्यावर पांढरा मोठा रुमाल, शेतकरी टाकतात तसा. पाचवी ते सातवीला मराठी ते शिकवायचे, आणि खुर्चीवर बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही. वर्गाच्या खिडकीत बसायचे, एक पाय आत, एक पाय बाहेर. मी रुजू झाले त्या दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, तुमची बॅग खुर्चीवर ठेवा, तिला कामाला लावा. तिच्यावर बसलं की पोरं लांब दिसतात."

पुस्तक मध्येच मिटताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बस, इथं थांबू." हे वाक्य त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की वर्गाबाहेरही सुटायचं नाही. एकदा ऑफिसात सांगत होते, त्यांच्या न्हाणीघरात साप निघाला. बायको आत, कडी आतून लावलेली, साप उंबऱ्यावर. आम्ही सगळे चहा विसरून ऐकतोय, आणि तेवढ्यात तास झाला. नाना सर उठले, रुमाल झटकला, म्हणाले, "बस, इथं थांबू," आणि गेले वर्गावर. मी दुपारपर्यंत कासावीस. शेवटी मधल्या सुट्टीत त्यांच्या घरी जाऊन काकूंनाच विचारून आले. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घरात पण हेच करतात हो. लग्न जमलं तेव्हा सुद्धा अर्धंच बोलून उठले होते."

शाळेत पुस्तकं होती, पण कपाटात कुलपात. नाना सरांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर ते कपाट उघडं टाकलं. पण नुसतं कपाट उघडून पोरं वाचत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, आधी कागदाची गोडी लागू द्या, पुस्तक नंतर. म्हणून दर शनिवारी पोरांनी किराण्याच्या पुडीचा कागद घेऊन यायचा. साखर, हळद, शेंगदाणे, ज्याचा असेल त्याचा. त्यावर छापलेलं असेल ते वाचायचं, आणि फाटलेल्या कडेपाशी जे तुटलंय ते आपल्या मनानं पुरं करायचं. एका पोरीच्या कागदावर "विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढण्यासाठी गावकऱ्यांनी" एवढंच होतं. त्यावर वर्गात अख्खा तास भांडण झालं. कुणी खाट सोडली, कुणी झाडाची फांदी, एकानं तर बिबट्यालाच दोन वर्षं विहिरीत ठेवून रोज भाकरी टाकली. गावातले किराणावाले शेठजी, मारवाडातून त्यांचे आजोबा आले ते इथलेच झाले, ते नंतर नंतर चांगल्या बातम्यांची पानं पोरांसाठी बाजूला काढून ठेवायला लागले. गिऱ्हाईकाला पुडी बांधताना आधी स्वतः वाचायचे. "नाना, तुम्ही माझं दुकान बसवणार एक दिवस," असं म्हणायचे, पण पानं द्यायचेच.

जी पोरं लाजायची, मोठ्यानं वाचायला घाबरायची, त्यांना नाना सर सांगायचे, घरच्या जनावराला वाचून दाखवा. ते हसत नाही, चुका काढत नाही. याच्यावरून एकदा गंमत झाली. सहावीतल्या योगिताची आई तणतणत शाळेत आली. हातात दुधाची किटली, तीही रिकामी. आली ती अहिराणीतच सुरू झाली.

"सर, मनी म्हैसले काय नाद लाई दिना तुम्हीन! पोर पुस्तक लिसन बठस तवय ती दूध देस. काल पोर मामाकडे गयी व्हती, ते म्हैसनी लाथच मारी!"

नाना सर खिडकीतून खाली उतरले. गंभीर चेहरा करून म्हणाले, "मंग काय, म्हैसनं बी नाव टाकी देऊत शाळामा."

आई आधी रागानं बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून अशी हसली की किटली हातातून पडली. सगळ्या गावात ती गोष्ट झाली. योगिता त्या दिवशी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मला वाटलं लाजली. तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

पण त्यांची खरी करामत म्हणजे सौदा. नाना सरांचे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथं भाव बोलून ठरत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. नाना सरांनी हे जसंच्या तसं वर्गात आणलं. टेबलावर पुस्तकं मांडायची. ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं आणि सरांसमोर येऊन रुमालाखाली हात घालायचा. एक बोट म्हणजे एक पान. उद्यापर्यंत किती पानं वाचणार ते पोरानं दाबून सांगायचं. सर वाढवून मागायचे, पोरगं कमी करायचं, पुन्हा दाबादाबी. चेहरा मात्र दोघांनीही कोरा ठेवायचा. अख्खा वर्ग त्या चेहऱ्यांकडे डोळे लावून बसलेला. सौदा पटला की सर रुमाल उडवायचे आणि पोरगं पुस्तक छातीशी धरून जागेवर जायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या पानांत काय झालं ते सरांना सांगायचं. नाही जमलं तर पुन्हा रुमालाखाली यायचं, कमी पानांचा सौदा करायला.

यातली मेख मला पहिल्याच आठवड्यात कळली. पाच पानं वाचणारा आणि एक पान वाचणारा, दोघं सारख्याच ऐटीत उठायचे. कुणाचं किती ते फक्त सरांना आणि त्या पोराला माहीत. ज्या पोरांना वाचता येत नव्हतं तीही पुढं यायची, कारण रुमालाखाली कुणी हसत नव्हतं. एखाद्यानं चिडवून विचारलंच, "किती बोटं रे तुझी?" तर नाना सरांचा आवाज चढायचा. "रुमालाखालचं रुमालाखाली! जो विचारेल त्याला महिनाभर सौदा बंद." मी एकदा सहज विचारलं तर मलाही सांगितलं नाही. खरं सांगते, मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, शिक्षक व्हावं तर असं.

योगिता सातवीत गेली. गोष्ट सांगण्यात तिचा हात कुणी धरत नसे. रोज तीन-चार पानांचं सगळं घडाघडा सांगायची, माणसांचे आवाज काढून सांगायची. एकदा मी तिला कपाटातलं नवंकोरं पुस्तक दिलं आणि म्हटलं, वाच गं दोन ओळी, बघू छपाई कशी आहे. ती म्हणाली, "उद्या सांगते मॅडम." मी म्हटलं, उद्या कशाला, आत्ताच वाच. तिनं पुस्तक धरलं, ओठ हलवले, आणि तिचे कान लाल झाले. मी तिला हात धरून खिचडीच्या खोलीमागं नेलं.

"माले वाचता येत नही मॅडम," ती म्हणाली. "पिंकी वाचस, मी ध्यानमा ठेवस." पिंकी म्हणजे तिची तिसरीतली बहीण. रोज संध्याकाळी धाकटी वाचायची, थोरली पाठ करायची आणि म्हशीसमोर पुस्तक धरून तेच बोलायची. आई समोर धार काढत असायची ना, तिला दिसायला हवं. "सरसले नका सांगू मॅडम. सर माले गह्यरी हुशार समजतस."

मी तिला सांगितलं, नाही सांगणार. आणि दोन दिवसांनी सांगितलं. मला दुसरं काही सुचलं नाही. सातवीतली पोरगी, तीन महिन्यांनी वर्ष संपणार, आणि तिला अक्षर जोडता येत नव्हतं. मला वाचन शिकवता यायचं, पण तिला न दुखावता शिकवणं फक्त नाना सरांना आलं असतं. मी त्यांना बाजूला घेतलं, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सर, तिला कळता कामा नये मी सांगितलंय ते. आणि बाहेर तर कुणालाच नको."

त्यांनी रुमाल खांद्यावर नीट केला. "मॅडम, माझ्याकडे आलेलं कुठं जातं का?"

आणि त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही, म्हणून तर इतका राग येतो. दुसऱ्या दिवशी सौद्याला योगितानं नेहमीसारखी तीन बोटं दाबली असणार. सर बराच वेळ हात धरून राहिले. मग तिचा चेहरा बदलला. नंतर तिनंच मला सांगितलं, सरांनी तिचं एकच बोट धरलं आणि तेही अर्ध्यावर दाबलं. अर्धं पान. सरांनी स्वतःच ओळखलं, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून ती खोटं सांगायची थांबली. शाळा सुटल्यावर सर तिला खिडकीत बसवायचे, अर्धं पान, बोट ठेवून, एकेक शब्द. पंधरा दिवसांनी पाऊण. महिन्यानं ती एक अख्खं पान अडखळत, घाम पुसत वाचायला लागली. मला येऊन म्हणाली, "मॅडम, आते पिंकीनं काम नही." त्या दिवशी एसटीत मला खिडकीपाशी जागा मिळाली आणि मी धुळ्यापर्यंत एकटीच हसत गेले.

मग नवोपक्रम स्पर्धा आली. शिक्षकांनी आपला उपक्रम पाच मिनिटांच्या व्हिडिओत पाठवायचा होता. नाना सरांना आम्हीच आग्रह केला. मी स्वतः मोबाइल धरून सौद्याचं, पुडीच्या कागदाचं, खिडकीतल्या गोष्टीचं चित्रीकरण केलं. शेवटचा भाग त्यांनी रविवारी त्यांच्या पुतण्याकडून करून घेतला. तो मी पाहिला तो एसटीतच, गावाच्या ग्रुपवर आला तेव्हा.

नाना सर वर्गात उभे. शर्ट पहिल्यांदाच आत खोचलेला. बाजूला योगिता, नवा फ्रॉक, तेल लावून घातलेल्या वेण्या. सर शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत होते. "ही आमची योगिता. सातवीत असूनही हिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. धाकट्या बहिणीकडून पाठ करून ही सर्वांना फसवत होती. म्हशीसमोरसुद्धा ती वाचत नव्हती, नुसतं नाटक करत होती. मी रुमालाखाली हिचं अर्धं बोट दाबलं..." आणि त्यांनी तिचा हात उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, बोट अर्ध्यावर पकडून. ती हसत होती. तिला काय बोललं जातंय ते बहुधा आधी ठाऊक नव्हतं. मध्येच तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बाजूला बघायला लागले. मी तो व्हिडिओ पुन्हा पाहू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचायच्या आधीच पटांगणात हाका सुरू झाल्या होत्या. "ए अर्धं बोट! अर्धं बोट ऊनी रे!" गावातली मोठी पोरंही म्हणायची, ती पाण्याला निघाली की. तिची आई शाळेत आली नाही. म्हशीच्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त तीच हसली होती, आणि आता त्याच गोष्टीनं तिला गावात तोंड दाखवायची चोरी झाली. योगिता मला खिचडीच्या खोलीमागं भेटली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, मी फक्त तुमलेच सांगेल व्हतं."



मी नाना सरांना व्हरांड्यात गाठलं. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाशी मी तशी कधी बोलले नव्हते. "सर, तुम्ही शब्द दिला होता."

ते खरंच गोंधळले. "अहो मॅडम, मी तिचं कौतुक केलं. कुठून कुठं आली पोर!"

"नाव घेतलंत. तोंड दाखवलंत. रुमालाखालचं रुमालाखाली म्हणत होतात ना?"

"तो वर्गापुरता नियम," ते म्हणाले, अगदी समजावण्याच्या सुरात. "हे जिल्ह्याचं काम आहे. हे बघून शंभर शाळांत रुमाल येईल. एका पोरीला चार दिवस चिडवतील, विसरतील. तुम्ही तरुण आहात मॅडम, मनाला फार लावून घेता."

मला वाटलं होतं ते ओशाळतील. ओशाळले असते तर मी माफ केलं असतं, इतकी मी त्यांची होते. पण त्यांना आपण काय केलं तेच दिसत नव्हतं. इतकी वर्षं एका पोराच्या बोटाची लाज राखणारा माणूस, आणि समोर कॅमेरा आल्यावर त्यानं ती लाज पहिल्यांदा बाहेर काढली. आणि ती लाज त्यांना मी नेऊन दिली होती, योगितानं नाही.

त्यानंतर योगितानं रुमालाखाली हात घातला नाही. तीच काय, शेवटच्या बाकांवरची पाच-सहा पोरंही पुढं येईनात. सर बोलवायचे तर "सर, माझं वाचून झालं" म्हणायची. शेठजींनीही एकदा मला हळूच विचारलं, "मॅडम, नानांनी असं कसं केलं?" नाना सरांना बक्षीस मिळालं. पाठोपाठ शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला जळगावला बोलावणं आलं आणि वार्षिक परीक्षेच्या आधीच ते वर्ग सोडून गेले. जाताना पोरांना पेढे वाटले. योगिता त्या दिवशी आली नव्हती. उन्हाळ्यात तिला भुसावळला मामाकडे पाठवलं, मामा रेल्वेत आहे. आठवीला तिकडंच घातलं असं पिंकीनं सांगितलं. मी तिला दोनदा पत्र लिहायला बसले आणि दोन्ही वेळा मनात आलं, ती वाचेल का, की कुणाकडून तरी वाचून घेईल? पत्र टाकलं नाही.

पुढं माझीही बदली झाली. नाना सरांना मी पुन्हा पाहिलं ते जळगावला, वाचनावरच्या प्रशिक्षणात. मोठा हॉल, तालुक्यातालुक्यांतून आलेले शिक्षक, आणि मंचावर नाना सर. केस पांढरे झालेले, जाकीट घातलेलं. सांगत मात्र अजून छान होते. पुडीचा कागद, म्हैस, सगळं सांगितलं, हॉल हसून हसून लोळला. मग योगिता आली. आता तिची गोष्ट वाढली होती. "तीच मुलगी," ते म्हणाले आणि थांबले, हॉल शांत होईपर्यंत थांबले, "आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे." टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. "अरे वा! त्या शाळेच्या मॅडम इथंच आहेत. उभ्या राहा मॅडम. रुमालाचा सौदा तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय ना?"

मी उभी राहिले. दोनशे डोळे माझ्याकडे वळले. सौदा मी पाहिला होताच. मी "हो" म्हटलं, आणि माझ्या त्या एका शब्दानं नर्सिंगचं दुसरं वर्षही खरं ठरलं.

चहाच्या वेळी ते मला शोधत आले. हातात दोन कप, एक माझ्यासाठी. इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली केला. किती वर्षांनी त्यांच्या तोंडून मी अहिराणी ऐकत होते.

"मॅडम, ती योगिता... आते कोठे शे हो ती? वाचस का?"

ते मनापासून विचारत होते, यात मला शंका नाही. डोळ्यांत जुने नाना सर होते, खिडकीत बसणारे. मला माहीत नव्हतं ती कुठं आहे, वाचते की नाही. माहीत असतं तरी मी त्या माणसाला सांगितलं नसतं.

"तुम्हीच तर आत्ता सांगितलंत, सर," मी म्हटलं. "नर्सिंगला आहे म्हणून."

त्यांचा कप ओठापर्यंत गेला आणि तसाच राहिला. तेवढ्यात मंचाकडून हाक आली, "नाना सर, ग्रुप फोटो!" त्यांनी कप खिडकीत ठेवला, जाकीट खाली ओढलं आणि गेले. लोकांनी त्यांना मधोमध उभं केलं, दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदे लागले. फोटो काढणाऱ्यानं मलाही हात केला, "मॅडम, या ना, तुम्ही तर साक्षीदार." नाना सरांनीही शेजारी जागा केली आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी गेले नाही. योगितासाठी मला जमलं ते एवढंच, आणि तेही तिला कधी कळणार नाही.